दुबईचं कर्ज थकलेलं, नोकरी आता दोह्यात: फाइल नेमकी कुठे आडवी येते?

आखाती पाखरू:
प्रकरण थोडक्यात असं. दुबईतल्या एका बँकेचं ४८ हप्त्यांचं पर्सनल लोन, मूळ रक्कम १,६०,००० दिरहम, शिल्लक मुद्दल १,१२,०००. त्याच बँकेचं क्रेडिट कार्ड, त्यावर २६,०००. दोन्हींच्या वेळी सही करून दिलेला एकेक सिक्युरिटी चेक बँकेकडे आहे, तारीख आणि रक्कम कोरी. नोकरी नोव्हेंबर २०२१ मध्ये गेली, व्हिसा कंपनीने रीतसर रद्द केला, तेव्हापासून एकही हप्ता गेलेला नाही. सध्या नोकरी दोह्यात.

विचारायचंय ते हे:
कंपनी दोन दिवसांच्या मीटिंगसाठी दुबईला पाठवू बघते. जावं का? आणि मुंबईला येताना दुबईत नुसतं विमान बदललं तर?
इथल्या नोकरीला किंवा पगाराला त्या बँकेकडून धक्का लागू शकतो का?
वसुलीवाले गावी वडिलांना फोन करून सांगतात की दुबईचा निकाल आता भारतात चालतो, घरावर जप्ती येणार. यात खरं किती?
एक एजंट म्हणतो ७०,००० दिरहम भरा, फाइल बंद. एवढे पैसे जमतील, पण कुणाला नि कसे द्यायचे?
पुढे कॅनडाच्या पीआरचा (कायम वास्तव्याचा) विचार आहे. तिथे हे निघेल का?

तांबडी शाई:
आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. थकलेलं खातं एक असलं तरी त्याच्या फाइली तीन असू शकतात. पहिली बँकेच्या वसुली खात्यातली. ती फक्त फोन करते. दुसरी पोलिसांतली, चेकची. तिसरी न्यायालयातली. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं यातली कोणती उघडली आहे यावर ठरतात. वसुलीवाला बसलेला असतो पहिल्या फाइलीवर आणि भाषा बोलतो तिसरीची.

चेकबद्दल लोकांच्या डोक्यात अजून जुनाच कायदा आहे. पूर्वी चेक परत गेला की सरळ फौजदारी. संयुक्त अरब अमिरातीच्या (यूएई) २०२० च्या संघीय हुकूम-कायदा क्रमांक १४ ने हे बदललं आणि तो बदल २ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. खात्यात पुरेशी शिल्लक नाही एवढ्याच कारणाने चेक परत गेला तर आता तो गुन्हा नाही. पण त्याच कायद्याने बँकेच्या हातात दुसरं हत्यार दिलं: परत आलेला चेक हाच अंमलबजावणीचा दस्त. दावा लावा, पुरावा द्या, निकालाची वाट बघा, यातलं काही नाही. चेक घेऊन थेट अंमलबजावणी न्यायालयात जायचं. तिथून पैसे भरण्याची नोटीस, मग खाती गोठवणं, मग प्रवासबंदी. कोठडीची भीती कमी झाली आणि विमानतळावर अडकण्याची शक्यता वाढली, असा तो सौदा आहे.

गुन्हा उरलाय तो बदनियतीच्या प्रकारांत: चेक वटू नये म्हणून बँकेला विनाकारण पेमेंट थांबवायला सांगणं, चेक दाखल होण्याआधी खातं बंद करणं किंवा शिल्लक काढून घेणं, मुद्दाम चुकीची सही करणं, बनावट चेक देणं. तेव्हा ते दुबईचं खातं अजून चालू असेल तर स्वतः अर्ज देऊन बंद करायला जाऊ नका. खूप जण 'कटकट नको' म्हणून नेमकं तेच करतात.

तुमचा चेक २०२२ च्या आधी बाउन्स झाला की नंतर, हे म्हणून महत्त्वाचं. आधी झाला असेल तर पोलीस तक्रार झालेली असू शकते. दुबईत २०१७ पासून २ लाख दिरहमच्या आतले चेक खटला न चालवता दंडाच्या आदेशाने निकाली काढत: ५०,००० पर्यंतच्या चेकला २,००० दंड, एक लाखापर्यंत ५,०००, दोन लाखांपर्यंत १०,०००. गुन्हाच उरला नाही म्हटल्यावर असली जुनी प्रकरणंही बंद व्हायला हवीत, कारण नंतरचा सौम्य कायदा जुन्या आरोपीलाही लागू होतो. पण 'व्हायला हवी' आणि 'झाली' यांच्यात एक अर्ज आणि एक कारकून उभा असतो. नाव यादीतून उतरल्याचं बघितल्याशिवाय विमानात बसू नका.

तपासायचं कसं? दुबई पोलिसांच्या वेबसाइटवर आणि अ‍ॅपवर आर्थिक प्रकरणांतली फौजदारी स्थिती बघायची सोय आहे. जुन्या एमिरेट्स आयडीचा ७८४ ने सुरू होणारा १५ आकडी क्रमांक लागतो. यात फक्त दुबईची आणि फक्त फौजदारी बाजू दिसते. 'काही नाही' असं उत्तर आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, दिवाणी अंमलबजावणी त्यात येत नाही. ती दुबई न्यायालयांकडे वेगळी बघावी लागते. अबुधाबीसाठी तिथल्या न्याय विभागाची 'इस्तफ्सर' ही सेवा आहे. तिला व्हिसाच्या पानावरचा युनिफाइड नंबर लागतो. प्रत्येक अमिरात वेगळी धरा. पक्कं उत्तर हवं असेल तर तिथला परवानाधारक वकील मुखत्यारपत्रावर बँक, पोलीस आणि न्यायालय अशा तिन्ही ठिकाणी शोध घेतो. हा खर्च टाळू नका, बाकीचा प्रत्येक निर्णय यावर उभा आहे.

मीटिंगचं उत्तर: शोध होईपर्यंत नाही. दिवाणी प्रवासबंदी नावावरून वाटते त्याच्या उलट चालते. ती आत यायला अडवत नाही, बाहेर जायला अडवते. शिक्का मारून आत घेतात, मीटिंग होते, परतताना इमिग्रेशनच्या काउंटरवर खुर्ची दाखवतात. त्या क्षणी तडजोडीचा भाव काय राहतो ते वेगळं सांगायला नको. बंदीसाठी थकीत येणं किमान १०,००० दिरहम असावं लागतं. तुमचं त्याच्या कितीतरी वर आहे.

विमान बदलण्यात तुम्ही इमिग्रेशन ओलांडत नाही, त्यामुळे एरवी काही होत नाही. घोळ होतो तो पुढचं विमान चुकलं किंवा रद्द झालं आणि एअरलाइनने हॉटेलात पाठवलं तर, कारण मग इमिग्रेशन आलंच. किंवा दोन वेगळी तिकिटं काढली आणि बॅग घ्यायला बाहेर पडावं लागलं तर. दोहा-मुंबई थेट विमानं आहेत. चार पैसे वाचवायला दुबईमार्गे येण्यात शहाणपण नाही.

कोकणचा कावळा:
एवढं कशाला? गावचं घर बक्षीसपत्राने आईच्या नावावर करून टाका. तीन वर्षं गेली की कर्ज मुदतबाह्य. बँक काय करणार?

दरखास्तवाला:
कावळेबुवा, दोन वाक्यांत दोन खड्डे आहेत.

बक्षीसपत्र. देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द होऊ शकतं. थकबाकी, वसुलीची नोटीस आणि लगेच आईला बक्षीस, ही तारखांची ओळच धनकोचा पुरावा ठरते. मुद्रांक शुल्क गेलं, घर आहे तिथेच, आणि न्यायाधीशासमोर पत गेली ती वेगळी.

तीन वर्षं. परदेशात झालेल्या करारावर भारतात नव्याने दावा लावायचा तर भारताचा मुदत कायदा लागतो (कलम ११) आणि कर्जवसुलीला तीन वर्षं, इथवर बरोबर. पण कलम १५ चं पाचवं पोटकलम कुणी वाचत नाही: प्रतिवादी भारताबाहेर असेल तो काळ मुदतीतून वगळतात. दोह्यात राहून भारतातली मुदत संपायची वाट बघणं म्हणजे बंद घड्याळाकडे बघत बसणं. त्यात मुदतीच्या आत कर्ज लेखी कबूल केलं (कलम १८) किंवा थोडे पैसे भरले (कलम १९) की मोजणी पुन्हा शून्यापासून. आणि मुदत खरोखर संपल्यावरसुद्धा 'देतो' असं सही करून लिहून दिलं तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार ते नवं, बंधनकारक वचन होतं. तेव्हा वसुलीवाल्याला 'सद्भावना म्हणून पाच हजार तरी टाकतो' हा जो प्रकार चालतो तो तडजोडीचं पत्र हातात नसताना करू नये.

आता मुख्य प्रश्न, दुबईचा निकाल भारतात चालतो का. चालतो. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने भारत सरकारने यूएईला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली परस्पर प्रदेश जाहीर केलं. दुबई न्यायालयं, अबुधाबीचा न्याय विभाग, रास अल खैमा, संघीय न्यायालयं, शिवाय डीआयएफसी (दुबई) आणि एडीजीएम (अबुधाबी) या आर्थिक केंद्रांची न्यायालयं त्या यादीत आहेत. आता बँकेने निकालाची प्रमाणित प्रत आणि किती रक्कम वसूल झाली याचा त्या न्यायालयाचा दाखला जोडून इथल्या जिल्हा न्यायालयात दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केली की तो हुकूमनामा इथलाच असल्यासारखा बजावता येतो.

पण 'चालतो' आणि 'उद्या घरावर जप्ती' यांच्यात बरंच अंतर आहे. कलम ४४अ खालच्या दरखास्तीत आदेश २१, नियम २२ प्रमाणे आधी ऋणकोला नोटीस काढावीच लागते. ती आल्यावर कलम १३ चे आक्षेप घेता येतात: त्या न्यायालयाला अधिकार नव्हता, निकाल गुणदोषांवर नव्हता, बाजू मांडायची संधी मिळाली नाही, फसवणुकीने मिळवला, आंतरराष्ट्रीय किंवा भारतीय कायद्याशी विसंगत आहे. एकतर्फी निकाल आपोआप बाद होत नाही, पण पुरावा न तपासता निव्वळ गैरहजेरीवर दिलेला हुकूमनामा गुणदोषांवरचा नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या इंटरनॅशनल वूलन मिल्सच्या निकालात सांगितलं आहे.

इथेच तांबडी शाई म्हणतात तो २०२२ चा बदल भारतात उलटा फिरतो. चेकवरून थेट अंमलबजावणी न्यायालयाने काढलेल्या आदेशात कुणाचंही म्हणणं ऐकून निवाडा झालेला नसतो. असला आदेश 'गुणदोषांवरचा हुकूमनामा' कसा, हा आक्षेप भक्कम आहे. म्हणजे दुबईत बँकेला जो झटपट रस्ता मिळाला तोच मुंबईत किंवा रत्नागिरीत तिची कच्ची बाजू ठरू शकतो. ज्या बँकेला भारतातली मालमत्ता गाठायची असते ती म्हणूनच तिथे पूर्ण दावा चालवून निकाल घेते. तुमच्या फाइलीत यातलं काय झालंय ते आधी कळायला हवं.

मुदतीचं: अशा दरखास्तीला कोणती मुदत, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये बँक ऑफ बडोदा विरुद्ध कोटक महिंद्रा बँक या प्रकरणात मिटवला. ज्या देशाचा हुकूमनामा, त्या देशाची मुदत. भारतातल्या हुकूमनाम्याची बारा वर्षं इथे मोजू नका.

वडिलांना काही कागद आला तर तो खरा की धाक, हे ओळखायला सोपी खूण आहे. न्यायालयाच्या नोटिशीवर न्यायालयाचं नाव, शिक्का, दरखास्त क्रमांक आणि तारीख असते. ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर १६ अक्षरांच्या सीएनआर क्रमांकाने किंवा पक्षकाराच्या नावाने ती सापडते. वकिलाच्या लेटरहेडवरचं पत्र म्हणजे फक्त पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं, वर अशोकस्तंभ छापलेलं 'अटक वॉरंट' म्हणजे तेही नाही.

घर वडिलांच्या नावावर असेल तर मुलाच्या कर्जासाठी ते जप्त होत नाही, वडील जामीनदार नसतील तर. फॉर्मवर 'रेफरन्स' म्हणून नाव आणि फोन नंबर दिला म्हणजे कुणी जामीनदार होत नाही. वडिलोपार्जित घरात तुमचा हिस्सा असेल तर तेवढा हिस्सा मात्र जप्तीला पात्र आहे.

भारतात नोकरी धरलीत तरी पगार पूर्ण जप्त होत नाही: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित. भविष्य निर्वाह निधीला हात लागत नाही. आणि खरोखर ऐपत नसलेल्याला निव्वळ कर्जापायी दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणापासून ठरलेलं आहे. ऐपत असून टाळणाऱ्याला ते कवच नाही, हेही लक्षात असू द्या.

फोनवर धमक्या येत असतील तर कॉल रेकॉर्ड करून, नंबर आणि वेळ लिहून पोलिसांत तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ धमकीसाठीच आहे. वडिलांनी फोनवर एकच वाक्य बोलायचं: 'जे काही आहे ते लेखी पाठवा.' मुलाचा दोह्यातला पत्ता, कंपनीचं नाव काही सांगायचं नाही.

आखाती पाखरू:
दोघांचेही आभार. दोन गोष्टी राहिल्या होत्या. २०२३ मध्ये वसुलीवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर 'थोडा वेळ द्या, देतो' असं लिहिलं गेलंय. आणि दोह्यातल्या पगाराचं कुणी बोललं नाही.

दरखास्तवाला:
कलम १८ ला लेखी आणि सही असलेली कबुली लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर वाद घालता येईल. पण तुमच्या बाबतीत कलम १५(५) मुळे त्या वादाला फारसा अर्थ नाही. इथून पुढे लिहायचं ते ईमेलवर, वर 'हक्क अबाधित ठेवून' अशी ओळ घालून, आणि रकमेची कबुली न देता: 'खात्याचा तपशील पाठवावा, तडजोडीचा विचार करू.'

दोह्यातला पगार. आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांत एकमेकांचे दिवाणी निकाल बजावण्याचा करार आहे, आणि शिवाय १९८३ चा अरब देशांचा रियाध करार. म्हणजे दुबईचा अंतिम निकाल कतारच्या न्यायालयामार्फत बजावता येतो, आणि त्याला भारतापेक्षा कमी अडथळे आहेत. हे विसरून 'कतार वेगळा देश, तिथे काय करतील' असं म्हणणारे बरेच भेटतात. पण रस्ता न्यायालयातूनच जातो. बँक तुमच्या एचआरला फोन करून पगार थांबवू शकत नाही आणि एचआरनेही निव्वळ पत्रावर कपात करायची नसते. कतारच्या २००४ च्या कामगार कायद्यात वेतनाची जप्ती फक्त न्यायालयीन आदेशाने होते, तीही ३५ टक्क्यांपर्यंत.

कतारमध्ये आता काय करू नये तेही सांगतो: जुनं फेडायला तिथे नवं लोन काढणं. तिथली बँकही सिक्युरिटी चेक घेते. एक नोकरी गेली की दोन देशांत दोन चेक, आणि राहायला तिसरा देश शोधा.

हिशेबी:
७०,००० च्या प्रस्तावाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

एजंटचा आकडा म्हणजे प्रस्ताव नव्हे. आधी बँकेकडून लायबिलिटी लेटर, म्हणजे एकूण येणं किती याचं पत्र, मागवा, लोनचं वेगळं, कार्डाचं वेगळं. त्यात मुद्दल, व्याज, विलंब शुल्क आणि कायदेशीर खर्च सुटे दाखवायला सांगा. सूट आधी व्याजात आणि दंडात मिळते. मुद्दलाला बँक शेवटी हात लावते, आणि तो लावावा म्हणून एकरकमी पैसे लागतात. १,३८,००० च्या मुद्दलावर ७०,००० म्हणजे जवळपास निम्मं. अशक्य नाही, पण इतका चांगला आकडा आला की पहिला संशय हा घ्यायचा की तो दोन्ही खात्यांचा आहे की फक्त लोनचा. इथेच सर्वांत जास्त लोक फसतात: लोन मिटतं, कार्ड तसंच राहतं, आणि दोन वर्षांनी दुसरी एजन्सी दारात.

तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, बँकेच्या अधिकृत ईमेलवरून आलेलं हवं. त्यात एवढं असायलाच हवं: दोन्ही खाते क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख, पैसे कोणत्या खात्यात भरायचे, 'पूर्ण व अंतिम' हे शब्द, आणि पैसे मिळाल्यावर बँक काय काय करणार: पोलीस तक्रार असल्यास मागे घेणं, न्यायालयातली अंमलबजावणी बंद करणं, प्रवासबंदी उठवण्याचा अर्ज, दोन्ही मूळ चेक परत, यूएईच्या अल एतिहाद क्रेडिट ब्युरोमध्ये नोंद बदलणं, बेबाकी (काही येणं उरलं नसल्याचा) दाखला. यातला चेकचा मुद्दा गाळून पत्र आलं तर परत पाठवा. बँकेला चेकवर तारीख आणि रक्कम भरायचा अधिकार तुम्हीच सही करून दिलेला असतो, आणि बँका त्यावर मूळ कर्जाची रक्कम भरतात, शिल्लक नव्हे. म्हणजे १,१२,००० येणं असताना १,६०,००० चा चेक फिरत असू शकतो.

पत्राआधी एक दिरहमही टाकू नका. तुम्ही भरलेले पैसे आधी शुल्कात आणि व्याजात जिरतात, मुद्दल होतं तिथेच राहतं. एजंटच्या वैयक्तिक खात्यात किंवा भारतातल्या कुठल्या 'कलेक्शन' खात्यात तर नाहीच नाही.

पैसे दोह्यातूनच पाठवा. डॉलरला दिरहम ३.६७२५ ला बांधलेला, कतारी रियाल ३.६४ ला, म्हणजे एक रियाल म्हणजे साधारण १.००९ दिरहम, आणि दर हलत नाही. रुपयात साठवून फेडायला गेलात तर रुपया घसरेल तेवढं कर्ज फुगत जाईल. भारतातल्या पैशातूनच द्यायचं झालं तर एनआरई (परदेशातली कमाई ठेवायच्या अनिवासी) खात्यातून पाठवा, तिथून पैसे बाहेर न्यायला मर्यादा नाही. एनआरओमधून (भारतातल्या उत्पन्नाच्या अनिवासी खात्यातून) वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत जातात, पण आयकराच्या फॉर्मचे सोपस्कार आहेत.

पाठवताना शुल्क 'सगळं पाठवणाऱ्याकडे' असं निवडा. मधल्या बँकेने ५०-७५ दिरहम कापले की बँकेत रक्कम कमी पोचते, सिस्टीम 'अंशतः भरणा' म्हणून टाकते आणि अंतिम तारीख टळली की तडजोड रद्द. यूएईचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) २३ अक्षरी, एई ने सुरू होतो. जुनं खातं निष्क्रिय असेल तर पैसे परत येतात, म्हणून तडजोडीसाठीचा आयबॅन पत्रातच लिहून घ्या. स्विफ्टची पावती जपा, आणि शेवटच्या तारखेच्या किमान पाच कामाचे दिवस आधी पाठवा. शुक्रवार-शनिवारचा घोळ विसरू नका: कतारची सुट्टी शुक्रवार-शनिवार, दुबईच्या सरकारी कचेऱ्यांची शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस.

हप्त्यांत तडजोड केलीत तर पहिल्या हप्त्यानंतर अंमलबजावणी स्थगित करण्याचं लेखी घ्या. नाहीतर तुम्ही हप्ते भरताय आणि फाइल पुढे चाललीय असं होतं.

पैसे भरून झाल्यावर ३० दिवसांत दाखला आला नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, क्रमांक घ्या. तरी दाद नाही तर 'सनदक'कडे. यूएईच्या सेंट्रल बँकेच्या छत्राखालचा तो बँक आणि विमा ग्राहकांचा लोकपाल आहे.

तांबडी शाई:
हिशेबींच्या यादीत मुखत्यारपत्राची भर. साधं 'सर्वाधिकार' छापाचं चालत नाही. तडजोड करणं, हक्क सोडणं, मूळ चेक ताब्यात घेणं हे अधिकार नावानिशी लिहिलेले हवेत, नाहीतर अंमलबजावणी न्यायालय वकिलाला परत पाठवतं. पोलीस, फौजदारी अभियोग कार्यालय, न्यायालय, बँक, क्रेडिट ब्युरो ही नावंही घाला. दोह्यात केलंत तर ते अरबीत होतं आणि भाषांतराचा फेरा वाचतो: कतारचं न्याय मंत्रालय, मग कतारचं परराष्ट्र मंत्रालय, मग दोह्यातला यूएई दूतावास, शेवटी दुबईत गेल्यावर यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. भारतात केलंत तर नोटरी, राज्य सरकार, भारताचं परराष्ट्र मंत्रालय, यूएईची वकिलात, आणि वर तिथल्या परवानाधारक भाषांतरकाराचं अरबी भाषांतर. मुखत्यारपत्रावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर जुळवा. पासपोर्ट बदलला असेल तर जुना आणि नवा, दोन्ही क्रमांक लिहा, कारण फाइल जुन्या क्रमांकावर आहे.

मेपल आणि मोगरा:
कॅनडाचं मी लिहिते. गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखला लागतो, म्हणजे यूएईचा लागणार. तो भारतातल्या पासपोर्ट कार्यालयाच्या पीसीसीने भागत नाही. त्यात भारतातलीच नोंद असते. देशाबाहेरून अर्ज करताना बोटांच्या ठशांचं साक्षांकित कार्ड जोडावं लागतं, म्हणून हाताशी वेळ ठेवा.

दाखल्याचा संबंध फौजदारी नोंदीशी. नुसती थकबाकी त्यात येत नाही, आणि कॅनडा दिवाणी कर्जावरून कुणाला अपात्र ठरवत नाही. पण २०२१ ची चेकची तक्रार कुठे उघडी राहिली असेल तर ती इथे आडवी येते. अर्जात अटक, आरोप, गुन्हा याबद्दल विचारलेलं असतं; प्रकरण होतं आणि बंद झालं असेल तर तसं लिहून बंद झाल्याचा कागद जोडा. लपवलेलं सापडलं तर चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी आहे, आणि ती मूळ चेकपेक्षा कितीतरी महाग पडते.

इंटरपोलची भीती घालतात त्याबद्दलही. इंटरपोलच्या स्वतःच्या नियमांत, माहिती हाताळणीच्या नियम ८३ मध्ये, खासगी वादातून आलेल्या प्रकरणांवर रेड नोटीस काढू नये असं आहे. गंभीर गुन्ह्याशी किंवा संघटित गुन्हेगारीशी संबंध असेल तरच अपवाद. तरी खात्री करायची असेल तर लिओंमधल्या इंटरपोल फाइल नियंत्रण आयोगाकडे, म्हणजे सीसीएफकडे स्वतः अर्ज करता येतो. फी नाही. सही केलेला अर्ज आणि ओळखपत्राची प्रत लागते. 'माझ्याबद्दल काही आहे का' या अर्जाचा निर्णय चार महिन्यांत, नोंद काढून टाकण्याच्या अर्जाचा नऊ महिन्यांत देण्याचं बंधन त्यांच्यावर आहे.

आखाती पाखरू:
क्रम असा धरतोय: मीटिंग ऑनलाइन करायला सांगायची, मुखत्यारपत्र दोह्यातच करायचं, वकिलाचा शोध, मग दोन्ही खात्यांची लायबिलिटी लेटर, मग एजंटला सोडून थेट बँकेशी बोलणं. पोलीस दाखला सगळं मिटल्यावर. काही चुकतंय का?

हिशेबी:
एकच. लायबिलिटी लेटर शोधाची वाट न बघता आजच मागवा. बँकेत नोंदवलेल्या जुन्या ईमेलवरून मागा. तो पत्ता बंद झाला असेल तर दुसऱ्या पत्त्यावर ते पाठवणार नाहीत, आणि नोंद बदलायला परत मुखत्यारच लागेल. आणि नोकरी गेली तेव्हा लोनबरोबर नोकरी जाण्याचा विमा होता का ते करारात बघा. दाव्याची मुदत उलटून गेली असेल, पण प्रीमियम कापत आले असतील तर तडजोडीच्या टेबलावर तो मुद्दा मांडता येतो.

दरखास्तवाला:
वडिलांना सांगून ठेवा, न्यायालयाची खरी नोटीस आली तर बेलीफला परत पाठवायचं नाही. नाकारलेली नोटीस बजावली गेली असं धरतात, आणि कलम १३ चे आक्षेप घ्यायची तारीख हातची जाते. तारीख नीट वाचून फोटो पाठवायचा, त्याच दिवशी.

मेपल आणि मोगरा:
आणि सीसीएफचा अर्ज आत्ताच टाकून ठेवलात तरी चालेल, त्याला बाकी कशाचीही वाट बघावी लागत नाही.